आजारी मधुमेही मांजर : रक्तशर्करेचे नियंत्रण

मधुमेही मांजर आजारी पडले की त्याच्या रक्तातील साखर दोन विरुद्ध दिशांना ओढली जाते. जंतुसंसर्ग, ताण किंवा प्रेडनिसोलोनसारखे स्टेरॉइड यांमुळे इन्सुलिनचा परिणाम घटतो व साखर वाढते. पण मांजराने खाणे सोडले, तर इन्सुलिनची नेहमीचीच मात्रा साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरवू शकते. म्हणून सवयीने इंजेक्शन देऊ नये. आधी मांजराने खाल्ले का ते पाहावे, कानाच्या कडेतून थेंबभर रक्त घेऊन ग्लुकोमीटरने साखर मोजावी आणि मात्रा पशुवैद्यकाला विचारून ठरवावी.

साखर ६० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा खाली गेली किंवा मांजर झोकांड्या खाऊ लागले, तर हिरड्यांना मध चोळून दवाखाना गाठावा. बेशुद्ध मांजराच्या तोंडात काहीही ओतू नये. इन्सुलिन परस्पर बंदही करू नये. उलट्या, सुस्ती व लघवीत कीटोन दिसणे हीदेखील तातडीचीच लक्षणे आहेत.

शेवटी सिरिंज तपासावी. भारतात प्रति मिलिलिटर ४० व १०० युनिट अशा दोन्ही तीव्रतांचे इन्सुलिन मिळते. १०० युनिटचे इन्सुलिन ४० युनिटच्या सिरिंजमध्ये त्याच आकड्यापर्यंत भरल्यास मात्रा अडीचपट होते.