लाल टोपीवालीचा ‘कंट्रोल’ कोणता?

परवा भाचीला रोआल्ड डाल यांचं ‘रिव्होल्टिंग ऱ्हाइम्स’ (१९८२) दाखवत होते. त्यात लाल टोपीवाली मुलगी पिस्तूल काढून लांडग्याला मारते आणि त्याच्या कातड्याचा कोट घालून मिरवते! ताई वैतागली, “मूळ गोष्टीची पार वाट लावली.”

आता तुम्ही रिसर्चमध्ये येणार आहात, तर इथे थांबा. मूळ म्हणजे कोणती? ताईच्या डोक्यात होती ग्रिम बंधूंची, १८१२ ची. शिकारी येतो, लांडग्याचं पोट कापतो, आजी-नात जिवंत बाहेर. पण पेरोची फ्रेंच गोष्ट १६९७ ची. तिच्यात शिकारीच नाही. लांडगा मुलीला खातो, गोष्ट संपली. म्हणजे शेवट बदलण्याचा आरोप ग्रिमवरही होऊ शकतो. गंमत म्हणजे ग्रिमच्याच पुस्तकात पुढे दुसरा लांडगा येतो आणि आजी-नात कुणाच्याही मदतीशिवाय त्याला पाण्याच्या कुंडात बुडवतात. हा भाग बहुतेकांनी वाचलेलाच नसतो.

मला हे लागलं, कारण पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी हेच केलं होतं. लॅबमधल्या जुन्या सॅम्पलला ‘मूळ’ धरून सात महिने तुलना केली. ते सॅम्पल स्वतःच बदललेलं होतं. कंट्रोल तपासायचा असतो हे पाठ होतं, तपासला मात्र नव्हता.

मग मूळ शोधायचं कसं? जेमी तेहरानी या मानववंशशास्त्रज्ञाने २०१३ मध्ये ‘प्लॉस वन’मध्ये एक पेपर लिहिला. डीएनएवरून सजीवांची वंशावळ काढतो ना, तीच पद्धत त्याने गोष्टींना लावली. जगभरातली ५८ रूपं घेतली आणि ७२ लक्षणांवर तपासली: खलनायक कोण, बळी एकटा की भावंडं, शेवटी सुटका होते का, वगैरे. आफ्रिकेतल्या गोष्टी ‘लांडगा आणि सात करडं’ या कथेच्या फांदीवर गेल्या. पूर्व आशियातल्या गोष्टींत लांडग्याऐवजी बरेचदा वाघ असतो. त्या दोन्ही कथांच्या मिश्रणातून आल्या असाव्यात, असं त्याचं म्हणणं. अर्थात गोष्टी जनुकांसारख्या फक्त आईबापांकडून येत नाहीत, शेजाऱ्याकडूनही उचलल्या जातात. त्यामुळे पेपर वाचताना झाडाच्या आकृतीइतकाच वेळ त्या ७२ लक्षणांच्या यादीला द्या. लक्षणं निवडणारा माणूसच असतो.

आणि लिटरेचर रिव्ह्यूमध्ये ‘पारंपरिक रूप’ असं नुसतं लिहू नका. कोणाचं, कोणत्या वर्षाचं, तेही लिहा.

ताईला दुसऱ्या लांडग्याची गोष्ट अजून सांगायची राहिलीय.