ही क्रीम कोणाच्या त्वचेसाठी?

लेखमाला : रसायनशास्त्र शिकलात, पुढे काय?
भाग ९ : सौंदर्यप्रसाधनांच्या प्रयोगशाळेत (उत्तरार्ध)

मागच्या भागात तेल आणि पाणी एकत्र नांदवण्याची युक्ती पाहिली. तो भाग वाचून एका मुलीने पत्र पाठवले. ती एम.एस्सी. झाली आहे आणि तीन वर्षांपासून एका कारखान्यात शाम्पूवर काम करते. ती लिहिते, ‘माझी मैत्रीण कर्करोगावरच्या औषधासाठी संशोधन करते. मी शाम्पूला फेस जास्त यावा म्हणून धडपडते. काय काम करतेस असे कोणी विचारले की संकोच वाटतो. आयुष्य घालवावे असे या कामात काय आहे?’

तिच्या वयाची असताना मलाही हाच प्रश्न पडला होता, आणि त्याचे उत्तर हाती यायला बरीच वर्षे गेली. म्हणून आजचा पूर्ण भाग तिच्यासाठी, आणि तिच्यासारख्या सगळ्यांसाठी.

टिकलीखालचा डाग

त्वचारोगतज्ज्ञांकडे वर्षानुवर्षे एक तक्रार येते. कपाळाच्या मधोमध, रोज टिकली लावायच्या जागी, टिकलीच्याच आकाराचा पांढरा डाग. घरातले लोक कोड समजून हबकतात. मुलगी लग्नाची असेल तर डाग लपवण्याची धडपड सुरू होते. अनेकदा या डागाचे मूळ टिकलीच्या मागच्या चिकट थरात असते. त्या थरात पॅरा-टर्शरी-ब्यूटाइलफिनॉल नावाचे रसायन असू शकते. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी टायरोसिन या अमिनो आम्लापासून मेलॅनिन तयार करतात. हे रसायन रचनेने टायरोसिनसारखे असल्यामुळे पेशीतले विकर फसते आणि त्याच्यावरच काम करू लागते. त्यातून जी क्रियाशील द्रव्ये तयार होतात, ती रंगपेशीलाच मारतात. रंगपेशी गेली की तिथला रंगही जातो.

ते चिकटद्रव्य कोणीतरी निवडले होते. ते स्वस्त असेल, घामाने सुटत नसेल, चिकटपणाच्या चाचणीत पहिले आले असेल. निवडणाऱ्याच्या वहीत ‘उत्तम चिकटते’ अशी नोंद झाली असेल. ज्या कपाळावर ते रोज दहा-बारा तास राहणार होते, त्या कपाळाबद्दल मात्र वहीत एक ओळही नसेल.

औषध आणि प्रसाधन यांच्यातला खरा फरक इथे दिसतो. औषध आजारी माणूस घेतो. ते ठरावीक दिवस, ठरावीक मात्रेत आणि डॉक्टरच्या नजरेखाली घेतले जाते. प्रसाधन मात्र निरोगी माणूस वापरतो, तेही कोणाला न विचारता, रोज, वीस-वीस वर्षे. तान्ह्या बाळापासून आजीपर्यंत घरातले सगळे ते वापरतात. मध्ये डॉक्टर नाही, चिठ्ठी नाही, मात्रा नाही. म्हणजे त्या माणसाचा विचार करायला उरतो तो फक्त फॉर्म्युला लिहिणारा रसायनतज्ज्ञ. ही जबाबदारी नीट समजली आणि माझा संकोच गेला.

अठ्ठावीस दिवसांची चाचणी

ही जबाबदारी रोजच्या कामात कुठे असते? बहुतेक वेळा सगळ्यात कंटाळवाण्या कामात.

साध्या क्रीममध्ये साठ ते ऐंशी टक्के पाणी असू शकते. सोबत तेल, मेदाम्ले, कधी वनस्पतींचे अर्क. जंतूंसाठी हे पंचपक्वान्नांचे ताट आहे, आणि ग्राहक त्यात रोज बोट बुडवतो. म्हणून प्रिझर्व्हेटिव्ह घालतात आणि ते पुरेसे आहे की नाही हे चॅलेंज टेस्टने पाहतात. क्रीममध्ये मुद्दाम जिवाणू, यीस्ट आणि बुरशी सोडायची आणि २८ दिवस त्यांची मोजणी करायची. अमेरिकी औषधकोशाच्या कसोटीत त्वचेवर लावायच्या अशा उत्पादनात १४व्या दिवसापर्यंत जिवाणू किमान शंभरपट कमी झाले पाहिजेत आणि त्यानंतर वाढता कामा नयेत.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी माझ्याकडे लहान मुलांचे एक लोशन होते. वास अधिक सौम्य यावा म्हणून मी प्रिझर्व्हेटिव्हचे प्रमाण थोडे उतरवले. चॅलेंज टेस्ट माझ्या लेखी तेव्हा कागदावरची औपचारिकता होती. १४व्या दिवशी सूक्ष्मजीवशास्त्राच्या विभागातून निरोप आला की स्यूडोमोनास जिवंत आहे. बाजारात उतरवायची तारीख ठरलेली होती आणि मी चिडले. आमच्या विभागातल्या ज्येष्ठ बाईंनी मला काहीही न बोलता एक जुना शोधनिबंध वाचायला दिला. दूषित मस्कारा वापरताना बुबुळाला ओरखडा गेला आणि याच जिवाणूने डोळ्यात व्रण झाले, अशा रुग्णांची ती हकिगत होती. तो वाचून मी पुन्हा पहिल्यापासून फॉर्म्युला मांडायला घेतला. ते लोशन कोणत्याही बाळाच्या डोळ्यात गेले तरी चालेल, एवढी खात्री होईपर्यंत बाकी काही सुचले नाही. तारीख दोन महिने पुढे गेली.

चाळीस अंश तापमानाच्या कपाटात तीन महिने ठेवलेल्या बाटल्या, गोठवून पुन्हा वितळवलेले नमुने, दर आठवड्याला पीएच आणि घट्टपणा यांच्या नोंदी या सगळ्यांत कौतुक करण्यासारखे कोणाला काही दिसत नाही. पण विदर्भातल्या मे महिन्यात दुकानाच्या काचेमागे तापत पडलेली बाटली कोणी तरी विकत घेणारच असते. त्या नोंदी तिच्यासाठी असतात.

भीतीच्या बाजारात खरे बोलणे

या क्षेत्रात कामाला अर्थ आहे असे वाटण्याचे आणखी एक कारण आहे, आणि ते जपायला धैर्य लागते.

२००४ मध्ये ब्रिटनमध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. स्तनांच्या गाठींच्या २० नमुन्यांमध्ये पॅराबेन ही प्रिझर्व्हेटिव्ह आढळल्याचे त्यात नोंदले होते. पॅराबेनमुळे कर्करोग होतो, असे त्यातून सिद्ध झाले नव्हते. निरोगी ऊतींशी तुलनाही नव्हती. बातमी मात्र जगभर गेली आणि ‘पॅराबेन-मुक्त’ हे शब्द बाटल्यांवर झळकू लागले. अनेक दशके वापरात असलेली आणि फारशी ॲलर्जी न करणारी प्रिझर्व्हेटिव्ह बाजूला पडली. त्यांच्या जागी आलेल्या पर्यायांमध्ये मिथाइलआयसोथायाझोलिनोनचा वापर खूप वाढला. परिणामी युरोपात त्वचेच्या ॲलर्जीची लाट आली. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या संपर्कजन्य त्वचादाहाच्या तज्ज्ञांच्या संघटनेने त्याला ‘वर्षाचा ॲलर्जीकारक’ ठरवले. २०१७ पासून युरोपीय संघात, धुऊन न टाकता त्वचेवर राहणाऱ्या प्रसाधनांमध्ये ते वापरायला बंदी आहे.

आपण एका संशयाला घाबरून खऱ्या धोक्याच्या दारात गेलो. त्या काळात मार्केटिंगच्या बैठकीत ‘पॅराबेन काढा’ म्हणणारे पुष्कळ होते. ‘काढून काय घालणार, आणि त्याची माहिती किती वर्षांची आहे?’ हे विचारणे रसायनतज्ज्ञाचे काम होते. तरुण मित्रमैत्रिणींनो, तुमच्या नोकरीत अशी बैठक हमखास येईल. शब्द बदलतील, कधी सल्फेट असेल, कधी सिलिकोन. तेव्हा पुरावा वाचलेला माणूस त्या खोलीत असायला हवा, आणि बहुतेकदा तो माणूस म्हणजे तुम्ही एकटेच असाल.

ध्येय लिहिण्याची रीत

आता ध्येयाकडे येऊ. मुलाखतीत ‘पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता?’ असे विचारतात आणि मुले पदनाम सांगतात : सीनियर सायंटिस्ट, मग मॅनेजर. पदनामात गैर काही नाही, पण ते दुसऱ्याच्या हातात असते. कंपनी विकली जाते, विभाग बंद होतो, आणि ध्येयही त्यासोबत जाते.

याउलट हेझल बिशप या अमेरिकी रसायनतज्ज्ञ स्त्रीची गोष्ट पाहा. तिला डॉक्टर व्हायचे होते, पण महामंदीमुळे ते राहिले. ती आधी एका त्वचारोगतज्ज्ञाच्या प्रयोगशाळेत आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पेट्रोलियम कंपनीत काम करत होती. कपाला, दातांना न लागणारी लिपस्टिक करायची, हा प्रश्न तिने स्वतःसाठी निवडला आणि घरच्या स्वयंपाकघरात त्यावर शेकडो प्रयोग केले. १९५० मध्ये ती लिपस्टिक बाजारात आली आणि गाजली. पुढे वादात कंपनी तिच्या हातून गेली. पण प्रश्न सोडवण्याचे तिचे कसब कोणी काढून घेऊ शकले नाही. नंतर न्यूयॉर्कच्या फॅशन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये तिने हेच शास्त्र शिकवले.

म्हणून माझा सल्ला असा की वहीच्या एका पानावर तीन गोष्टी लिहा.

पहिली, एक प्रश्न. तो कोणाच्या तरी त्वचेचा असावा. उदाहरणार्थ, चिखलात आणि उन्हात अनवाणी राबणाऱ्या बाईच्या टाचांच्या भेगा. पेट्रोलियम जेली त्वचेतून उडणारे पाणी फार चांगले अडवते, दहा टक्क्यांच्या आसपास युरिया ओलावा धरतो आणि त्याचे प्रमाण वाढवले की जाड झालेली त्वचा मऊ पडते. हे सगळे पुस्तकात आहे. पण भर दुपारी न वितळणारी, पायाला माती न चिकटू देणारी आणि मजुरीच्या पैशात बसणारी भेगांची क्रीम करणे हे कसबाचे काम आहे. मधुमेह असलेल्या माणसाच्या भेगेतून जंतुसंसर्ग होऊ शकतो, हे लक्षात घेतले तर या प्रश्नाचे वजन कळेल.

किंवा सनस्क्रीन घ्या. एसपीएफ मोजताना दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम थर लावतात. प्रत्यक्षात माणसे त्याच्या निम्मे किंवा त्याहूनही कमी लावतात. सावळ्या चेहऱ्यावर झिंक ऑक्साइडची राखाडी झाक दिसत असेल, तर पुरेसे कोण लावेल? शिवाय गव्हाळ-सावळ्या त्वचेवरचे वांगाचे डाग दृश्य प्रकाशानेही गडद होतात. तो अडवायला लोह ऑक्साइडची रंगद्रव्ये उपयोगी पडतात, आणि त्यांनीच ती झाकही जाते. आपल्या वर्णाला शोभेल असे सनस्क्रीन आपल्याच प्रयोगशाळेत व्हायला हवे.

दुसरी, एक कसब. हे वर्षभराच्या मुदतीचे असावे. या वर्षी प्रवाहिता शिकेन, म्हणजे क्रीम ओतताना आणि चोळताना तिचा घट्टपणा कसा बदलतो हे मोजायला शिकेन. पुढच्या वर्षी पृष्ठक्रियाकारके. त्याच्या पुढच्या वर्षी कायदा : १९४०चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि २०२०चे सौंदर्यप्रसाधन नियम मुळातून वाचेन. माटुंग्याच्या यूडीसीटीत, म्हणजे आजच्या आयसीटीत, तेल आणि पृष्ठक्रियाकारकांच्या तंत्रज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे. तिथे किंवा जवळच्या विद्यापीठात छोटे अभ्यासक्रम, व्याख्याने शोधा.

तिसरी, एक मर्यादा. जे मी बनवणार नाही. ही ओळ माझ्याकडून फार वर्षे कोरी राहिली. गोरेपणाच्या क्रीमवर मीही काम केले आहे. सावळ्या मुलीला ‘तू कमी आहेस’ असे सांगणाऱ्या जाहिराती चालू असताना मी त्या क्रीमचा पोत सुधारत होते. २०२० मध्ये हिंदुस्थान युनिलिव्हरने आपल्या सर्वांत प्रसिद्ध क्रीमच्या नावातून ‘फेअर’ हा शब्द काढला, तेव्हा मला बरे वाटले आणि लाजही वाटली, कारण ‘गोरेच का?’ हा प्रश्न मी बैठकीत कधी विचारला नव्हता. गोरेपणाचा हव्यास कुठवर नेतो, हे पाऱ्याच्या बेकायदा क्रीममध्ये दिसते. पारा मेलॅनिन तयार करणारे विकर बंद पाडतो, त्वचा उजळ दिसते, आणि तोच पारा शरीरात जाऊन मूत्रपिंडाला इजा करतो. असे रुग्ण महाराष्ट्रात आणि केरळात आढळले आहेत. तुमची मर्यादा नोकरीच्या पहिल्याच वर्षी लिहा. तेव्हा घराचे हप्ते सुरू झालेले नसतात.

फेसाबद्दल

आता त्या पत्राकडे. तू शाम्पूच्या फेसावर काम करतेस. फेस जास्त म्हणजे केस जास्त स्वच्छ, असे काही नसते हे तुला ठाऊकच आहे. पण फेस धुवायला पाणी लागते. जत, माण अशा तालुक्यांत उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या बाईचा विचार कर. तिचे केस लांब आहेत, बोअरचे पाणी जड आहे आणि न्हायला तिच्या वाट्याला एक बादली येते. जड पाण्यात चांगला फेसणारा, मळ सोडवणारा आणि दोन तांब्यांत पूर्ण निघून जाणारा शाम्पू कसा करता येईल? कोणते पृष्ठक्रियाकारक, किती मीठ, कोणते कंडिशनर, फेस पटकन बसवायला काय? आठवड्यातून एक दुपार या प्रश्नाला दे. किती पाण्यात केस धुऊन निघतात ते तांब्याने मोज आणि वहीत लिही. घरी कोणी विचारले, काय काम करतेस, तर तोच आकडा सांग.

(पुढील भागात : प्रयोगाची वही कशी लिहावी आणि फसलेल्या बॅचची नोंद का जपावी.)