सोयाबीन कीं पालेभाजी?

जिराईत व बागाईत एकाच रकान्यांत मांडूं नये, हें आम्ही कारकुनींत शिकलों. सोयाबीन व पालेभाजी यांची तुलनाही तशीच आहे. वाळल्या सोयाबीनच्या शंभर भागांत प्रथिनें ३६ ते ४०, तेल सुमारें २०. ताज्या पालकांत प्रथिनें अवघीं दोन-तीन, पाणी सुमारें ९०. परंतु डोळ्यांस हितकर ‘अ’ जीवनसत्त्व ज्यापासून बनतें तें कॅरोटीन आणि ‘क’ जीवनसत्त्व पाल्यांतच विपुल. एकानें दुसऱ्याची उणीव भरून निघत नाहीं.

तथापि आपण सोयाबीनचा दाणा न् दाणा अडत्याकडे धाडतों आणि घरचीं मुलें कोरड्या भाकरीवर वाढतात! कच्चें सोयाबीन पचत नाहीं. तें उकडून, वाळवून, दहावा हिस्सा गव्हांत मिसळून दळावें. विहिरीच्या पाटाकडेस माठ-मेथीचा वाफा धरावा. विक्रीपूर्वीं घरचा वाटा काढणें, हाच खरा हिशेब होय.