घाटाच्या अलीकडची गाडी

पडेगावच्या त्या गॅरेजसमोर उभ्या असलेल्या पिकअपच्या मागच्या हुकाला दोर गुंडाळलेला होता. मनगटाएवढा जाड, ऑइलनं काळा पडलेला, मध्ये दोन गाठी. मी त्याच्याकडे बघतेय हे पाहून गाडीचे मालक म्हणाले, "टोचनचा आहे, ताई. घाटात कुणी अडकलं की पहिला फोन मला येतो."

संपादकांनी मला वेगळ्याच कामाला पाठवलं होतं. नवी पिकअप घ्यायची तर डिझेलची की सीएनजीची, हा प्रश्न सध्या संभाजीनगरच्या प्रत्येक टेम्पो स्टँडवर आहे. त्याचा जमाखर्च मांडून आणा, असं त्यांनी सांगितलं होतं. मला वाटलं एका दिवसाचं काम. तीन दिवस लागले, आणि त्यातला बराच वेळ मी एका चिनी मातीच्या जाळीबद्दल ऐकत बसले.

छावणी ओलांडली की पडेगाव. पुढे मिटमिटा, शरणापूर फाटा, दौलताबादचा किल्ला, आणि किल्ल्यामागे खुलताबादकडे चढणारा घाट. शहराची सपाटी जिथं संपते आणि चढ जवळ येतो, अशा जागी हे गाव आहे. इथल्या पिकअपला दोन्ही तोंडांनी काम असतं. सकाळी जाधववाडीच्या मार्केटला भाजी, दुपारी वाळूज एमआयडीसीत वर्कशॉपचा माल, आणि आठवड्यातून दोन-तीनदा घाट. खुलताबाद-कन्नडकडचं आलं खाली येतं. वर जातात खताच्या गोण्या, सिमेंट, ठिबकचे पाइप. सीताफळाच्या दिवसांत दौलताबादचे क्रेट असतात. आणि मधूनच कुणीतरी बंद पडतं, तेव्हा तो दोर सुटतो.

मालकांना सगळे मामा म्हणतात, मीही म्हणू लागले. त्यांची बोलेरो पिकअप २०१५ची, डिझेल. आठ वर्षांनंतर मालवाहू गाडीचं पासिंग दरवर्षी करावं लागतं, आणि दरवर्षी त्यासाठी काही ना काही बदलावं लागतं. "आता पासिंगला जेवढं घालतो तेवढ्यात हप्ता बसतो," ते म्हणाले. मुलाचं म्हणणं सीएनजी घ्या. तो वाळूजच्या फेऱ्या मारतो, रोज साठ-सत्तर किलोमीटर, बहुतेक गर्दीतच. मामांचा जीव डिझेलवर.

इतिहास थोडक्यात सांगते. आपण कुठल्याही छोट्या मालगाडीला टेम्पो म्हणतो, तो शब्द जर्मनीतून आला. हॅम्बुर्गच्या विडाल कंपनीच्या गाड्यांचं नाव टेम्पो. १९५८मध्ये बजाज टेम्पोनं त्यांच्या सहकार्यानं तीनचाकी बनवायला सुरुवात केली आणि कंपनीचं नाव मराठीत वस्तूचं नाव होऊन बसलं. महिंद्रांनी १९४७च्या सुमाराला जीप जोडायला घेतली, त्या घराण्यातून पुढे बोलेरो आली आणि तिच्या पाठीवर हौदा बसून पिकअप झाली. २००५मध्ये टाटांचा एस आला, ज्याला लोकांनी लगेच छोटा हत्ती म्हटलं. या सगळ्या गाड्यांनी महाराष्ट्राची बाजारपेठ शेताच्या बांधापर्यंत नेली, आणि ते काम मुख्यतः डिझेलवर झालं.

डिझेलवर का, हे मला मिस्त्रींनी दाखवलं. वय साठीच्या आसपास, गॅरेजमध्ये सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. त्यांनी उघडलेल्या इंजिनात बोट घालून सांगितलं, की डिझेलच्या इंजिनात आधी नुसती हवा दाबली जाते, इतकी की ती स्वतःच पेटवण्याइतकी तापते, आणि मग त्यात डिझेलचा फवारा मारतात. त्यामुळे सिलिंडरची सगळी जागा हवेला मिळते. सीएनजीत गॅस हवेबरोबर आत येतो. मिथेनच्या पूर्ण जळणाऱ्या मिश्रणात साडेनऊ टक्के जागा गॅसच खातो, तेवढी हवा कमी. शिवाय हे मिश्रण डिझेलइतकं दाबता येत नाही आणि त्याला पेटवायला स्पार्क प्लग लागतो. फरक सपाटीवर फारसा कळत नाही. चढावर, भरल्या गाडीत, इंजिन हळू फिरत असताना कळतो. तिथं डिझेल कमी आरपीएमलाच ओढतं. टोचनचा दोर ताणला जातो तो नेमका त्याच वेळी.

मुलाचा हिशोबही खोटा नव्हता. त्याच्या मोबाइलमध्ये महिनाभराची डिझेलची बिलं होती. तो किलोच्या भावाची लिटरच्या भावाशी तुलना करत होता, आणि बहुतेक लोक हेच करतात. एक किलो सीएनजीत साधारण १.३ लिटर डिझेलइतकी ऊर्जा असते, म्हणजे किलो आणि लिटर समोरासमोर ठेवले की गॅसची बाजू आहे त्याहून पडती दिसते. उलट डिझेल इंजिन मिळालेल्या ऊर्जेतून जास्त काम काढतं, म्हणून तो फायदा पुष्कळसा परत जातो. तरी राज्य सरकारनं १ एप्रिल २०२२पासून सीएनजीवरचा व्हॅट १३.५ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणला, त्याचा आधार गाडीवाल्यांना मिळालाच. रोजच्या शहरातल्या फेऱ्यांना गॅस स्वस्त पडतो, हे मी त्या बिलांवरून मान्य केलं.

मग उस्तादांनी मला ती जाळी दाखवली.

२०२०च्या १ एप्रिलला देशात गाड्यांच्या धुरासाठीचं बीएस-६ मानक लागू झालं. बीएस-५ वगळून थेट उडी होती. डिझेलमधलं गंधक ५० पीपीएमवरून १० वर आलं, आणि मोठ्या पिकअपच्या वर्गात धुरातल्या कणांची मर्यादा किलोमीटरला ६० मिलिग्रॅमवरून साडेचारवर आली. हे मर्यादेचे आकडे वाचून मला आनंद झाला होता, आजही होतो. ज्यांनी पडेगाव-छावणीच्या रस्त्यावर भरल्या टेम्पोमागे दुचाकी चालवली आहे, त्यांना ते साडेचार मिलिग्रॅम म्हणजे काय ते समजवावं लागत नाही. पण ही मर्यादा गाठायची तर सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर हवा. त्याचं नाव डीपीएफ, आणि हीच ती जाळी.

आतून तो मधाच्या पोळ्यासारखा आहे. शेकडो बारीक चौकोनी नळ्या, एक पुढून बंद तर शेजारची मागून बंद. धूर ज्या नळीत शिरतो ती पुढं संपते, म्हणून त्याला सच्छिद्र भिंतीतून शेजारच्या नळीत जावं लागतं. वायू पलीकडे जातो, काजळी भिंतीला चिकटून राहते. फार सुंदर कल्पना आहे. उस्तादांनी जुना फुटलेला तुकडा माझ्या हातावर ठेवला, तेव्हा तो दगडापेक्षा हलका आणि काळाभोर होता, आणि त्याच्या कडेला बोट लावलं की बोट काळं होत होतं.

काजळी अशीच साठत राहिली तर वाट बंद होते, म्हणून ती जाळावी लागते. जाळायला सहाशे अंशांच्या आसपास उष्णता लागते. गाडी मोकळ्या रस्त्यावर, बऱ्यापैकी वेगात, भार घेऊन वीस-पंचवीस मिनिटं चालली की धूर तापतो, संगणक थोडं जास्त डिझेल सोडतो आणि फिल्टर आपोआप साफ होतो. पण गाडी छावणीत थांबत, मिल कॉर्नरला थांबत, पुन्हा वाळूजच्या गेटवर अर्धा तास उभी राहिली, तर धूर तापतच नाही. साफसफाई सुरू होते आणि मधेच गाडी बंद होते. असं चार-पाच वेळा झालं की डॅशबोर्डवर दिवा लागतो, मग ताकद कमी होते, आणि मग गाडी गॅरेजात येते.

"इसकू रस्ता होना, ताई," उस्ताद म्हणाले. "खुला रस्ता. शहर में गाडी का दम घुटता."

मी विचारलं, मग उपाय काय? त्यांनी शरणापूरच्या दिशेनं हात केला. माळीवाड्याला समृद्धी महामार्गाचं इंटरचेंज आहे. आठवड्यातून एकदा तिकडे गाडी घाला, अर्धा तास एका वेगात सोडा, फिल्टर जळून साफ. मामा शेजारीच उभे होते. "म्हणजे सायलेन्सर साफ करायला मी टोल भरू?" त्यांनी विचारलं, आणि त्या प्रश्नाला कुणाकडे उत्तर नव्हतं. मला मात्र त्यातलं एक वेगळं उत्तर दिसलं. मामांच्या घाटाच्या फेऱ्या हाच तो मोकळा रस्ता आहे. चढावर भरली गाडी गेली की धूर तापतो. म्हणजे त्यांच्या हाताखाली डिझेल सुखी राहील आणि मुलाच्या हाताखाली गुदमरेल, आणि गाडी एकच घ्यायची आहे.

काही जण फिल्टर आतून फोडून पोकळ करून घेतात आणि संगणकाला खोटं सांगतात. उस्ताद ते करत नाहीत, पण गिऱ्हाईक मागतं, हे त्यांनी लपवलं नाही. मला याची खरी काळजी वाटते. फोडलेल्या जाळीतून जे बाहेर पडतं ते रस्त्याकडेच्या शाळांच्या मुलांच्या छातीत जातं. नियम उत्तम, यंत्र उत्तम, आणि रोजीसाठी चालणाऱ्या माणसाला ते दोन्ही परवडेल अशी वापराची पद्धत कुणी बसवून दिली नाही. गाडी विकताना 'तुम्ही दिवसाला किती किलोमीटर एका वेगात जाता' हा एक प्रश्न विचारला तरी अनेक घरांचा पैसा वाचेल.

सीएनजीच्या बाजूलाही अडचणी आहेत. गॅस सुमारे २०० बार दाबानं भरतात. पाइपलाइन नसलेल्या पंपावर तो ट्रकवरच्या सिलिंडरांतून येतो, आणि गाड्या भरत गेल्या की दाब उतरत जातो. रांगेतल्या शेवटच्या गाडीला पूर्ण टाकी मिळत नाही, मे महिन्याच्या उन्हात आणखी कमी. साठ लिटरच्या सिलिंडरात जेमतेम नऊ-दहा किलो गॅस बसतो, आणि लोखंडी सिलिंडरचं स्वतःचं वजन साठ किलोच्या घरात. तेवढा माल कमी. दर तीन वर्षांनी सिलिंडरची दाबाची चाचणी, ती चुकली तर पंपवाला गॅस देत नाही. आणि शहर सोडून आडवाटेला गेलं की पुढचा पंप कुठं, हे आधी ठरवूनच निघावं लागतं.

तिसऱ्या दिवशी मामांनी भाच्याची सीएनजी पिकअप मागून आणली. शोरूममध्ये चालवून बघायला देतात ती रिकामी आणि सपाट रस्त्यावर, त्यांना ते मान्य नव्हतं. युरियाच्या बावीस गोण्या भरल्या. गोणी पंचेचाळीस किलोची, म्हणजे टनाला दहा किलो कमी. मी पुढं बसले. दौलताबादला तटाच्या दरवाजातून गाड्या एकेक करून जातात, तिथं आमच्यापुढं वेरूळला निघालेली सहलीची बस होती. दरवाजा पार झाला, किल्ल्याला वळसा पडला आणि चढ लागला.

तिसरा गिअर पहिल्याच वळणावर सुटला. दुसऱ्यात इंजिन ओरडायला लागलं. मामा काही बोलले नाहीत, डाव्या हाताचा तळवा गिअरच्या दांड्यावर नुसता ठेवून बसले, जसा जुन्या बैलाच्या वशिंडावर ठेवतात. मागून एका डिझेल पिकअपनं हॉर्न दिला आणि ती निघून गेली. आम्ही दुसऱ्यातच राहिलो. गाडी थांबली नाही. वर आल्यावर त्यांनी ती कडेला घेतली, उतरून बॉनेटवर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"चढली," ते म्हणाले. "गोण्या घेऊन चढली. कुणाला बांधून नाही चढायची."

गोण्या खुलताबादला उतरवल्या. परत फिरताना गॅसच्या मीटरचे दोनच दिवे उरले होते, म्हणून उतारावर त्यांनी पाय जपून ठेवला. संध्याकाळी मुलगा वही घेऊन बसला होता. त्यानं वाळूजचे दिवस एका बाजूला लिहिले आणि घाटाचे दुसऱ्या. वाळूजचे बावीस आले, घाटाचे सात. मामांनी वही हातात घेतली, सातच्या शेजारी पेनानं टोचनचे दोन वाढवले, आणि ती परत त्याच्याकडे सरकवली.