सुरुंगाच्या भोकातील पाणी

पावसाळ्यात सिंगरौलीसारख्या उघड्या कोळसाखाणींत सुरुंगासाठी पाडलेली भोके पाण्याने भरतात. अमोनियम नायट्रेट व डिझेल यांचे स्वस्त स्फोटक अशा भोकांत कुचकामी ठरते. नायट्रेट विरघळून स्फोट अर्धवट होतो, नारिंगी विषारी धूर निघतो आणि न उडालेला सुरुंग पुढे खणणाऱ्याच्या जिवावर बेततो.

वरून शोषलेले पाणी सुमारे १० मीटरांपलीकडे चढत नाही. वातावरणाचा दाब तेवढेच पेलतो. म्हणून खोल भोकात पंप तळाशी सोडतात. त्यात पाणी शिरले की दाबाखालील हवा ते नळीवाटे वर ढकलते. झडप त्यास मागे फिरू देत नाही.

तथापि भेगांतून पाणी पुन्हा झिरपतेच. यास्तव भोकात प्लॅस्टिकची लांब पिशवी सोडून तीत स्फोटक विनाविलंब भरणे आवश्यक असते.