उपाशी कातळावरचे शिकारी

पावसाळ्याच्या अखेरीस कास पठारावर तेरडा आणि सोनकी फुलली की सगळे कॅमेरे तिकडेच वळतात. साताऱ्यापासून साधारण २५ किलोमीटरवरच्या या पठारावर शिकार मात्र घोट्याच्याही खाली चाललेली असते. कातळावरच्या पातळ, ओल्या मातीत गवती दवबिंदू नावाचं रोपटं उभं असतं. दोऱ्यासारखी बारीक पानं, पानांवर दाट केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला उन्हात लकाकणारा थेंब. हा थेंब दवाचा नव्हे, चिकट द्रावाचा. त्यावर टेकलेलं चिलट सुटायला धडपडतं आणि धडपडताना आणखी चार केसांना चिकटतं. मग पान पाचक रस सोडतं आणि किड्याचा मऊ भाग विरघळवून शोषून घेतं. पंख आणि कवच तेवढं पानावर उरतं. जवळच जमिनीला चिकटून वाढणारी याची एक भाऊबंद जात, ड्रोसेरा बर्मानी, त्याहून चपळ आहे. तिच्या कडेचे केस काही सेकंदांत आत वळतात.

हिरवी पानं असलेल्या, उन्हात स्वतःची साखर स्वतः बनवणाऱ्या वनस्पतीला शिकारीची गरजच काय? उत्तर जमिनीत आहे. सह्याद्रीच्या माथ्यावरची ही पठारं आणि कोकणातले सडे, म्हणजे उघड्या कातळाचे माळ, यांवर जांभ्याचा थर असतो. युगानुयुगं कोसळणाऱ्या पावसाने त्यातली विरघळणारी खनिजं धुऊन नेली आहेत. वर माती असते ती जेमतेम काही बोटं, आणि तिच्यात नत्र आणि स्फुरद यांचा दुष्काळ. किड्याच्या शरीरात हेच नत्र भरपूर असतं. म्हणजे दवबिंदू किडा खातो तो पोट भरण्यासाठी नव्हे, खत मिळवण्यासाठी.

पण हे खत फुकट मिळत नाही. चिकट द्राव, पाचक रस आणि केसांनी भरलेलं पान बनवायला साखर खर्ची पडते, आणि असं पान साध्या पानाइतकं चांगलं अन्नही तयार करत नाही. अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ थॉमस गिवनिश यांनी १९८४ मध्ये या जमाखर्चाची मांडणी केली. ऊन आणि पाणी मुबलक असेल आणि टंचाई फक्त क्षारांची असेल, तिथेच हा व्यवहार परवडतो. पावसाळ्यातल्या सड्याचं याहून नेमकं वर्णन सापडणं कठीण. माती जरा सकस झाली की साधं गवत या शिकाऱ्यांना सहज मागे टाकतं.

वनस्पती प्राण्याला पचवते, ही गोष्ट विज्ञानाच्या गळी उतरायला फार वेळ लागला. १८६० च्या उन्हाळ्यात चार्ल्स डार्विनने इंग्लंडमधल्या ससेक्सच्या माळावरून दवबिंदूची सहज हाताला लागतील ती डझनभर रोपं उपटली. त्यांच्या ५६ पानांपैकी ३१ पानांवर मेलेले किडे किंवा त्यांचे अवशेष होते. तिथून तो या रोपट्याच्या मागेच लागला. मांसाचे कण, अंड्याचा पांढरा बलक, दूध असं काय काय त्याने पानांवर ठेवून पाहिलं. माणसाच्या केसाचा ग्रॅमच्या दहालाखाव्या भागाहूनही हलका तुकडा ठेवला, तरी पानावरचा केस वाकला. पाण्याचे थेंब कितीही पडले तरी तो हलला नाही. सह्याद्रीच्या धो धो पावसात उभ्या राहणाऱ्या रोपट्याला हे भान नसतं, तर दिवसभर रिकामी शिकार करण्यातच त्याची ताकद संपली असती. डार्विनचं कीटकभक्षी वनस्पतींवरचं पुस्तक १८७५ मध्ये आलं. तरीही शंका उरली होती की किडे मिळाल्याने रोपाला खरंच फायदा होतो का? तीन वर्षांनी त्याचा मुलगा फ्रान्सिस याने काही रोपांना मांस भरवलं आणि काहींना उपाशी ठेवलं. भरवलेल्या रोपांना दुपटीहून जास्त बिया आल्या.

कासवरची आणखी एक शिकारी वनस्पती मात्र पाहणाऱ्याला अजिबात संशय येऊ देत नाही. सीतेची आसवे या नावाने ओळखली जाणारी जांभळी फुलं ओल्या कातळावर हजारोंनी उमलतात, लोक त्यांचे फोटो काढतात, पण सापळे चिखलात असतात. या वनस्पतीला खरी मुळं नसतात. धाग्यांसारख्या फांद्यांवर मिलिमीटरभर किंवा त्याहूनही लहान पिशव्या लागलेल्या असतात. पिशवी आतलं पाणी सतत बाहेर ढकलत राहते, त्यामुळे तिच्या भिंती आत ओढल्या जातात. औषधाच्या ड्रॉपरचा दाबून धरलेला रबरी फुगा सोडावा, तसं पुढे घडतं. दाराजवळच्या केसाला सूक्ष्म जीवाचा धक्का लागतो, दार आत उघडतं आणि पाण्यासकट भक्ष्य आत ओढलं जातं. हे सगळं सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास आटोपतं. वनस्पतींच्या जगात इतकी वेगवान हालचाल क्वचितच आढळते. पाण्यात वाढणाऱ्या याच कुळातल्या काही जाती डासांच्या अळ्याही गिळतात.

या सगळ्यांपुढे एक पेच असतो. ज्या किड्यांना खायचं, त्यांच्यासारख्यांकडूनच परागीभवनही करून घ्यायचं. म्हणून दवबिंदूच्या अनेक जाती फुलं सापळ्यांपासून दूर, उंच दांड्यावर धरतात. सीतेच्या आसवांचे सापळे तर मातीतच असल्याने फुलावर येणाऱ्या मधमाशीला धोका नसतो.

शिकारीत स्पर्धकही असतात. फ्लोरिडात केलेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गुलाबी दवबिंदू आणि जमिनीवर जाळं विणणारा एक कोळी यांचं भक्ष्य बऱ्याच अंशी एकच असल्याचं दिसलं. प्रयोगात कोळ्यांच्या शेजारी वाढलेल्या रोपांना बिया कमी आल्या. किडे खाणारा प्राणी आणि किडे खाणारी वनस्पती एकाच ताटावर बसतात, आणि तिथे वनस्पतीला हार खावी लागते.

सड्यांचं दारिद्र्यच या वनस्पतींचं भांडवल आहे, आणि नेमकी तीच गोष्ट माणसाला खटकते. उघडा कातळ दिसला की तो पडीक ठरतो. कोकणात चिरेखाणींसाठी जांभा कापला जातो. आंब्याच्या बागांसाठी कातळात सुरुंग लावून खड्डे पाडतात, त्यांत बाहेरून माती आणून भरतात. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या आणि त्यांच्यासाठी रस्ते आले. कासचं पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटासोबत जागतिक वारसा यादीत आलं, पण तिथेही रक्षणाचा प्रश्न सोपा नव्हता. गर्दी आवरण्यासाठी कुंपण घातलं तेव्हा गुरंही बाहेर राहिली. चराई थांबली की गवत माजतं आणि ठेंगण्या वनस्पती झाकोळून जातात, असा आक्षेप अभ्यासकांनी घेतला. पुढे ते कुंपण काढण्यात आलं. गर्दीचा प्रश्न राहिलाच. फुलांच्या मधोमध उभं राहून फोटो काढणाऱ्याचा बूट ज्या चिखलात रुततो, सीतेच्या आसवांच्या पिशव्या त्याच चिखलात, पृष्ठभागाच्या अगदी लगत असतात.