वाढत्या खर्चाचा भार कुणावर?

घर बांधावयास काढले, की गवंड्याशी एकरकमी ठराव करावा, की होईल तो खर्च व वर मेहनताना द्यावा, हा प्रश्न प्रत्येक गृहस्थापुढे उभा राहतो. मक्ता देताना अमेरिकेच्या संघसरकारापुढेही तोच असतो. एकरकमी ठरावात वाढीव खर्च मक्तेदाराच्या माथी बसतो, म्हणून तो काटकसर करतो. परंतु जी वस्तू पूर्वी कुणी घडविलेलीच नाही, तिची किंमत आधी सांगणे अशक्यप्राय असल्याने, तेथे सरकार वाजवी खर्च भरून देऊन वर मोबदला देते. हा मोबदला खर्चाच्या शेकडेवारीने ठरविण्यास मात्र कायद्यानेच मनाई आहे, कारण मग जितकी उधळपट्टी अधिक तितका नफा अधिक; हा निर्बंध मला अत्यंत शहाणपणाचा वाटतो. अशा मक्त्यात कोणत्या कारागिराचे किती तास कोणत्या कामी लागले याची नोंद नसेल, तर सरकारी तपासनीस ती रक्कम नामंजूर करू शकतात.

२०१४ साली ‘नासा’ने अंतराळवीरांच्या वाहतुकीचे मक्ते एकरकमी दिले : बोईंगला सुमारे ४.२ अब्ज डॉलर, स्पेसएक्सला २.६ अब्ज. पुढे बोईंगच्या यानाचे काम रखडले, तेव्हा दीड अब्जाहून अधिक डॉलरांचा तोटा त्या कंपनीलाच सोसावा लागला.